मुलांशी गप्पा मारायला कोण पैसे देतं?

मॅडम,

मी बालरोगतज्ज्ञ आहे. एमडी होऊन वर्ष होत आलं, सध्या मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात बॉण्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर आहे. ओपीडी, वॉर्ड, नवजात बालकांचा कक्ष हे सगळं आहेच, पण आठवड्यातल्या दोन दुपारी इथल्या मैत्री क्लिनिकमध्येही, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या सरकारी सल्ला केंद्रात बसते. दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं म्हणून माझ्याकडे आलं, आणि आता मला तेच काम आवडायला लागलंय.

घरी मात्र वेगळं ठरलंय. माझे मिस्टर ऑर्थोपेडिक सर्जन आहेत. बॉण्ड संपला की मी निओनॅटॉलॉजीची, म्हणजे नवजात बाळांच्या उपचारांची फेलोशिप करायची आणि आम्ही जिल्ह्याच्या गावी हॉस्पिटल टाकायचं. सासरे म्हणतात, “काचेच्या पेटीला पैसे आहेत. वयात आलेल्या पोरांशी गप्पा मारायला कोण पैसे देतं?” मला उत्तर सुचलं नाही.

मागच्या महिन्यात पंधरा वर्षांची एक मुलगी पोटदुखीसाठी तिसऱ्यांदा आली. सोनोग्राफी नॉर्मल. आई खोलीतून हलेना, मुलगी तोंड उघडेना. शेवटी पँटोप्राझोल, म्हणजे अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून पाठवलं. अजून डोक्यातून जात नाही. आणि खरं सांगते, तिने काही सांगितलंच असतं तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं काय करायचं, याचीही धास्ती होती.

किशोरवयीनांवर उपचार करणं हे करिअर होऊ शकतं का? की सरळ एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करून सार्वजनिक आरोग्यात जाऊ?

एक गोंधळलेली बालरोगतज्ज्ञ

प्रिय डॉक्टर,

सासऱ्यांपासून सुरुवात करते. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं असेल, पण प्रश्न रास्त आहे. कोण पैसे देतं? आज तरी फारसं कुणी देत नाही. तापाची आठ मुलं हातावेगळी होतात तेवढा वेळ सोळा वर्षांचा एक मुलगा घेतो, आणि शेवटी कागदावर लिहायला बरेचदा औषधच नसतं. औषध नाही म्हटल्यावर फी कसली, असा आपल्याकडचा हिशोब. तेव्हा सासऱ्यांना उत्तर देता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. उत्तर देण्यापेक्षा त्या प्रश्नाला धरून योजना आखा. त्याबद्दल शेवटाकडे लिहिते.

करिअर होऊ शकतं का, म्हणजे तयार खुर्ची आहे का, असं विचारत असाल तर नाही. मनोविकारशास्त्रात बाल आणि किशोर असा डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी आहे. बालरोगात किशोरवयाचा तसा डीएम रुळलेला नाही, फेलोशिपवरच भागवावं लागतं. काम मात्र एवढं आहे की पुरून उरावं. २०११ च्या जनगणनेत १० ते १९ वयाची २५ कोटींहून जास्त मुलंमुली होती, म्हणजे देशातलं दर पाचांतलं एक माणूस. त्यांची दवाखान्यात जागा कुठे आहे ते तुमच्याच रुग्णालयात बघा. अनेक सरकारी रुग्णालयांत मुलांचा वॉर्ड बाराव्या वर्षाशी संपतो. तेरा वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला की ती बायकांच्या मेडिसिन वॉर्डात जाते, एका बाजूला दम्याची आजी, दुसऱ्या बाजूला पॉयझनिंगची केस. बालरोगवाले म्हणतात मोठी आहे, फिजिशियन म्हणतात लहान आहे, आणि पाळी सुरू झाली का, डेंग्यूत अंगावरून जास्त जातंय का, हे विचारायचं दोघांकडूनही राहतं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स अठरापर्यंतची मुलं आपलीच मानते, तिची किशोर आरोग्याची वेगळी शाखाही आहे. वॉर्डच्या दारावरची पाटी काही बदललेली नाही.

आणि ही झाली धडधाकट मुलं. टाइप वन मधुमेहाची, सिकलसेलची, थॅलेसेमियाची, जन्मजात हृदयरोगाची मुलं आपण बालरोगवाल्यांनी जगवली. ती आता सतरा वर्षांची झाली आहेत. हॉस्टेलच्या खोलीत मैत्रिणींसमोर इन्सुलिन टोचायला लाजणारी मुलगी दोन डोस बुडवते आणि रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतणाऱ्या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये येते. तिला इन्सुलिनची मात्रा समजावणारे खूप भेटतात. मैत्रिणींना काय सांगायचं ते तिच्याबरोबर बसून ठरवणारं कुणी भेटत नाही. तुम्हाला रुग्ण कमी पडणार नाहीत.

खुर्ची नाही म्हणून हिरमुसण्याआधी एवढं बघा. ही शाखा जिथे जन्मली तिथेही ती एका शाळेच्या डॉक्टरने उभी केली. रॉसवेल गॅलाघर हे अमेरिकेत अँडोव्हरच्या निवासी शाळेत डॉक्टर होते. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात किशोरवयीनांचा वेगळा विभाग त्यांनी १९५१ मध्ये सुरू केला. डॉक्टर त्या मुलाचा, आईबापांचा नव्हे, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेत या विषयाची पहिली बोर्ड परीक्षा, म्हणजे डॉक्टरला तज्ज्ञ म्हणून मान्यता देणारी, झाली १९९४ मध्ये. त्रेचाळीस वर्षं काम आधी चाललं, पदवी मागून आली.

आता त्या मुलीबद्दल.

आई हलेना यात आईची चूक कमी आणि आपल्या पद्धतीची जास्त असते. आपण काय करतो? सगळं विचारून होतं, काहीतरी खटकतं, आणि मग म्हणतो, “आई, तुम्ही जरा बाहेर थांबा.” त्या क्षणी आईला कळतं की डॉक्टरला संशय आलाय. ती खुर्ची घट्ट धरून बसते. कोणतीही आई बसेल. म्हणून हे संशय यायच्या आधी सांगायचं, आणि दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला सांगायचं, सर्दीसाठी आलेल्या मुलालासुद्धा. मी केसपेपर हातात घेतानाच म्हणते, “आई, आधी आपण तिघी बोलू. मग पाच-दहा मिनिटं मी हिच्याशी एकटीशी बोलेन. माझ्याकडे सगळ्याच मुलांचं असं असतं. उद्या कॉलेजला गेली की स्वतःच्या तोंडाने डॉक्टरला सांगता यायला पाहिजे ना, त्याची सवय.” शेवटच्या वाक्याने आया उठतात. मुलगी शिकून बाहेरगावी जाईल हे त्यांनाही ऐकायचं असतं. तपासायच्या वेळी मात्र सिस्टर किंवा आई खोलीत हवीच. एकटीशी बोलायचं, एकटीला तपासायचं नाही.

विचारायचा क्रम पुस्तकात वाचला असेल, गोल्डनरिंग आणि कोहेन यांनी १९८८ मध्ये मांडलेला: घर, शाळा, रिकामा वेळ, मग व्यसन, लैंगिकता, मरणाचे विचार. सोप्याकडून अवघडाकडे. क्रम चांगला आहे, पण प्रश्न आपल्या भागाचे हवेत. तुमच्याकडे दिवाळीनंतर आईबाप उसाला जातात आणि मुलगी मागे राहते, आजीकडे नाहीतर चुलत्याकडे. तिथे ‘घरी कोण कोण असतं’ याचं उत्तर रेशनकार्डासारखं येतं. ‘सध्या रात्री झोपायला घरात कोण कोण असतं’ असं विचारा. व्यसनाचं विचारताना आधी मित्रांबद्दल विचारा, तुमच्या वर्गात गुटखा कोणी खातं का, म्हणजे मग स्वतःचं सांगणं सोपं जातं. पोटदुखीच्या मुलीला आणखी एक प्रश्न जरूर विचारायचा: घरात पाहुणे येऊन गेले का? स्थळ बघायला सुरुवात झाली की पोट दुखतं, डोकं दुखतं, दातखिळी बसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांनी सांगितलं की त्यांचं लग्न अठराच्या आत झालं. तुमचा भाग या सरासरीच्या वरच असणार.

बाकी वैद्यकीय बाजू तुम्हाला येतेच. लघवीची आणि गर्भधारणेची तपासणी, हिमोग्लोबिन, पाळीचा इतिहास, बद्धकोष्ठता. शाळेत संडासाला पाणी नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या, लघवी दाबून ठेवणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्या असतीलच. आणि मरणाचा विचार मनात येतो का हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न फवारणीच्या औषधाचा: घरात ते कुठे ठेवतात, कुलूप आहे का? गावाकडे ते हाताशी असणं हाच मोठा धोका. दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात ती बाटली जाईपर्यंत मुलीला घरी सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या, पण कागदावर नको, वहीच्या मागच्या पानावर तिच्याच हाताने. कागद दप्तरातून आईच्या हातात पडतो.

तुमच्या त्या पोटदुखीच्या मुलीला परत बोलवा. रक्ताच्या रिपोर्टचं निमित्त पुरतं. आशाताईंना घरी धाडू नका. त्या कितीही चांगल्या असल्या तरी आशा दारात उभी राहिली की शेजारणीला कारण हवं असतं.

पोक्सोची धास्ती तुम्हाला एकटीलाच नाही. २०१२ च्या या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे अठराखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास २१ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सतरा वर्षांच्या मुलीने राजीखुशीने ठेवलेले संबंधही यात येतात. म्हणून ‘तू सांगशील ते माझ्याजवळच राहील’ असं आश्वासन कधीही देऊ नका. बोलायच्या आधीच सांगा, “तू सांगशील ते मी आईला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, तू कुणाच्या जिवावर उठणार असशील, किंवा तुझ्यासोबत कुणी शरीरसंबंध ठेवले असतील, तर मला काही माणसांना सांगावं लागतं. तेव्हाही आधी तुला सांगेन.” काही मुली हे ऐकून गप्प बसतील. बसू देत. विश्वास देऊन मग फसवण्यापेक्षा ते परवडलं. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एक वाट करून दिली आहे: मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना माहिती द्यायची, पण तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागतेच. निकालाचा तो भाग छापून ड्रॉवरमध्ये ठेवा. तुमच्या ठाण्यातल्या हवालदाराला तो माहीत असेलच असं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, क्लिनिक की सार्वजनिक आरोग्य. तुम्ही हे दोन रस्ते समजता आहात आणि माझं म्हणणं तिथेच वेगळं आहे. इतर कोणत्याही रुग्णाला दुखलं की तो येतो. या वयाचं माणूस येत नाही. पांढरं जातंय, छातीत गाठ लागतेय, मिशा फुटत नाहीत, परीक्षेच्या आदल्या रात्री हात कापून घ्यावासा वाटतोय, यातल्या कशासाठीही ते आपणहून केसपेपर काढणार नाही. त्यामुळे फक्त ओपीडीत बसणाऱ्या किशोरतज्ज्ञाकडे रुग्ण नसतात. आणि जो फक्त कार्यक्रम आखतो त्याला दार लोटल्यावर मुलं काय बोलतात ते माहीत नसतं, म्हणून त्याचे कार्यक्रम फसतात. या विषयात तरी दोन्ही मिळून एकच नोकरी होते.

पुरावा तुमच्या टेबलावरच आहे. मैत्री क्लिनिकचं रजिस्टर उघडा आणि तीन रकाने बघा: वेळ, वय, मुलगा की मुलगी. बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं. नोंदी दुपारच्या, म्हणजे शाळा चालू असतानाच्या. वय अठरा-एकोणीस, म्हणजे बऱ्याचशा लग्न झालेल्या, एएनसीला (गरोदरपणाच्या तपासणीला) आलेल्या मुली, वय बसतं म्हणून इकडेही नोंदवलेल्या. मुलगे जवळजवळ नाहीत. क्लिनिकची खोली बरेचदा एचआयव्ही तपासणी केंद्राला लागून असते, आणि त्या बोळात उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर गावात काय बोललं जाईल हे चौदा वर्षांच्या मुलाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ ला सुरू झाला. त्याआधी किशोर आरोग्य म्हणजे प्रजनन आरोग्य एवढाच अर्थ होता. या कार्यक्रमाने प्रजनन आरोग्याबरोबर पोषण, मानसिक आरोग्य, व्यसन, हिंसा आणि अपघात, असंसर्गजन्य आजार असे सहा विषय घेतले. कागद उत्तम आहे. पण दुपारी दोन ते चार ही वेळ त्या कागदात कुणी लिहिलेली नव्हती, ती आपल्या सोयीने आपणच लावली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर किंवा बाजारच्या दिवशी बसून बघा. गावाला जायचं निमित्त मुलांना बाजार देतो. सिव्हिल सर्जनच्या परवानगीची वाट पाहावी लागेल, मागा आणि पाहा.

शाळेत मुलांना मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचं उदाहरण घ्या. आठवड्याला एक, ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, सोबत जंताची गोळी. गोळी स्वस्त आहे, कामाची आहे. तरी २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५४.१ टक्के मुली रक्त कमी असलेल्या, म्हणजे अ‍ॅनिमिक होत्या, त्या २०१९-२१ मध्ये ५९.१ टक्के झाल्या. वर्गात जाऊन विचारा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, दुसऱ्या दिवशी शी काळी होते, एका मुलीला उलटी झाली की अख्खा वर्ग गोळी खिडकीतून टाकतो, आणि ‘ही पाळणा लांबवायची गोळी आहे’ अशी अफवा दरवर्षी एखाद्या तालुक्यात उठते. जेवणानंतर द्या, शिक्षकाने सगळ्यांसमोर स्वतः एक घ्यावी, शी काळी होणार हे आधीच सांगून टाका. एवढं सांगायला एमडी लागत नाही, पण ते सांगितलेलं नाही हे कळायला वर्गात जावं लागतं.

गंमत पुढे आहे. २०१६ ते १८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेऊन मोजलं, तेव्हा १० ते १९ वयाच्या मुलींत अ‍ॅनिमियाचं प्रमाण ४० टक्के निघालं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्या फेऱ्यांत बोटाच्या टोकाचं रक्त घेतलं होतं. वयोगटही वेगळे. मग खरा आकडा कोणता, आणि वाढ झाली ती रक्तात की मोजण्यात? हा वाद ज्याला समजतो तोच जिल्हा आढावा बैठकीत तोंड उघडू शकतो. म्हणून आकडेशास्त्र शिका असं मी म्हणते, पदवी हा त्याचा एक मार्ग.

एमपीएच जरूर करा, पण बॉण्ड संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्रात तुमच्याबरोबर बसणाऱ्यांत ज्यांच्याकडे स्वतःचा प्रश्न असतो ते शिकून जातात, बाकीचे पदवी घेऊन जातात. दोन-तीन वर्षं काम करा, एक प्रश्न छळू दे, मग जा.

तोवर कुठे कुठे बघून या. मराठवाड्यातलंच पाचोड गाव तुमच्यापासून फार लांब नसेल. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्षभर, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी रोज एक तास असा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. त्या गावांत मुलींचं लग्नाचं वय साधारण वर्षभराने पुढे गेलं. एक वर्ष ऐकायला कमी वाटतं. बाळंतपणाच्या खाटेवर पंधरा आणि सोळा यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. गडचिरोलीत सर्च या संस्थेत डॉ. राणी बंग यांचं वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’चं काम आहे. त्यामागे त्यांचा १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास आहे, ज्यात तपासलेल्या गावांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. क्लिनिकमधल्या तपासणीतून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न जगापुढे कसा मांडावा, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही. पुण्यात केईएमच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांचा १९९३ पासून पाठपुरावा केला, आणि ती मुलं वयात आल्यावर २०१२ पासून त्यांना बी-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते तपासायला घेतलं. तुमच्या सासऱ्यांच्या काचेच्या पेटीत येणारं बाळ कुठे घडतं, ते तिथे कळेल.

आणि गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेने बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत केलेला प्रयोग वाचाच, २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. कार्यक्रम एकच. काही शाळांत तो प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी राबवला, काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्य कमी झालं. शिक्षकांच्या शाळांत काहीच हललं नाही. त्यानंतर २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात आरोग्यदूत म्हणून प्रत्येक शाळेतले दोन कोण नेमले? शिक्षक. मी शिक्षकांना नावं ठेवत नाही, त्यांच्या डोक्यावर जनगणनेपासून खिचडीपर्यंत सगळं आहे. पण जो वर्गात छडी उगारतो त्याच्याजवळ मुलगा मन मोकळं करेल, हे ज्याने ठरवलं त्याने मुलाला विचारलं नसणार. याच महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती. असे धक्के पचवायची तयारी ठेवा. धोरण बदलतं, अधिकारी बदलतात, कंत्राटी समुपदेशक मार्चअखेर घरी जातो आणि जूनमध्ये नवा येतो, त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं.

आता पैसे.

निओनॅटॉलॉजी करू नका. विषय वाईट म्हणून नव्हे, तो माणसाला सोडत नाही म्हणून. रात्री तीनला व्हेंटिलेटरवरच्या बाळासाठी धावणारी डॉक्टर दुपारी शाळेत जाणार नाही, जाऊ नयेच. पोट भरायला तुमचं साधं बालरोग पुरेसं आहे. सकाळी ताप, खोकला, लसी. मिस्टरांच्या हॉस्पिटलात सकाळची ओपीडी तुमची, आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी दहा ते एकोणीस वयाची मुलं, फक्त वेळ घेऊन, जास्त वेळ आणि जास्त फी. फी आधी सांगा, पाटीवर लिहा. मोफत करायची ओढ होईल. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून घ्या, नाहीतर सासरे म्हणतात तेच खरं ठरेल. सुरुवातीला येतील ते वजनासाठी, मुरुमांसाठी, उंचीसाठी, पाळीच्या तक्रारींसाठी, अभ्यासात लक्ष नाही म्हणून. तेच दार आहे, आत बाकीचं बोलणं होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस हे आणखी एक निमित्त. नऊ ते चौदा वयात दोन डोस, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसचाही पर्याय मान्य केला, आणि पुण्यात सिरममध्ये तयार होणाऱ्या लशीमुळे किंमत उतरली. लस घ्यायला आलेली मुलगी दुखणं घेऊन आलेली नसते, म्हणून मोकळी असते. त्या दहा मिनिटांत ओळख करून ठेवा.

सरकारी कामाशी नातं तोडू नका. बॉण्ड संपल्यावरही आठवड्यातून एक दिवस मैत्री क्लिनिकमध्ये किंवा शाळा तपासणीच्या पथकांना शिकवायला जाता येतं का ते आत्ताच बोलून ठेवा, मानधन नाममात्र असलं तरी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातले आयुष डॉक्टर गावोगावच्या शाळांत जातात, त्यांच्याइतकी मुलं आपल्यापैकी कुणीही बघत नाही. त्यांना मुलाशी एकट्याने कसं बोलायचं हे तुम्ही शिकवलं तर तुमच्या तीन संध्याकाळींच्या कितीतरी पट काम होईल. पाच वर्षं असं करून बघा आणि वर्षाअखेर मिस्टरांबरोबर बसून हिशोब मांडा. तिसऱ्या वर्षीही संध्याकाळच्या ओपीडीतून त्या खोलीचं भाडं सुटत नसेल तर वेळा बदला, फी बदला, गाव बदलायचा विचार करा. कर्ज काढून हट्टाने चालवू नका.

हॉस्पिटल अजून नकाशावरच असेल, तर आर्किटेक्टला आत्ताच सांगा. तुमच्या ओपीडीला दुसरं दार हवं, वेटिंगमधून न दिसणारं. दाराला काच नको, आणि खोलीतला आवाज बाहेर ऐकू येता कामा नये. प्लायवूडची पार्टिशन स्वस्त पडते, ती इतर कुठेही घाला, इथे नको. तपासायच्या टेबलाला पडदा. आईबापांसाठी बाहेर बरी खुर्ची आणि पंखा, म्हणजे ते दहा मिनिटं निवांत बसतील. आणि वजनकाटा आतल्या खोलीत ठेवा, रिसेप्शनवर नको. तिथली मुलगी ‘बहात्तर!’ असं ओरडून लिहून घेते, आणि ते मूल पुढच्या वेळी येत नाही.